साडेतीन टनांचा गेट पास

जबलपूरहून आले म्हटलं की लोक पहिलं विचारतात, भेडाघाट बघितलात का. बघितला. पण मी गेले होते लेथ मशीन आणायला, आणि भेडाघाट घडला तो निव्वळ ट्रक आला नाही म्हणून. तो का आला नाही याची गोष्ट मला भेडाघाटापेक्षा जास्त आठवते, म्हणून ती लिहून ठेवते आहे.

सांगलीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. गुऱ्हाळाच्या चरकाचे रूळ तासून देणं हे आमचं मुख्य काम. मोठ्या चरकाचा रूळ आमच्या मशीनवर बसत नाही, त्यामुळे चांगली चांगली कामं हात जोडून परत पाठवावी लागतात. मध्ये आतेबहिणीनं सांगितलं की तिच्या नात्यातले खडतकर काका जबलपूरला असतात. लष्करी कारखान्यात तपासणी खात्यात होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या शेडमध्ये आठ फुटी लेथ टाकली. आता घर विकून मुलीकडे बंगळूरला निघालेत. मशीन द्यायचं आहे, पण चालवणाऱ्यालाच. मी फोन केला तेव्हा काकांनी किमतीआधी विचारलं, "ताई, तुम्ही स्वतः चालवता का?" मी हो म्हटलं. "मग या."

मंगळवार, अधारताल

काका मुख्य रस्त्यावरच्या दुकानांपाशी स्कूटर घेऊन उभे होते. उंच, वाळलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं. गल्ली अरुंद, घर बैठं. पाणी पिऊन होताच ते मला शेडमध्ये घेऊन गेले. मशीनवर चक्क गोधडी घातलेली होती. ती त्यांनी घडी करून बाजूला ठेवली.

मी आजवर पुष्कळ जुनी मशिनं बघितली आहेत. विकायच्या मशीनला लोक रंग फासतात, म्हणजे खालचं दुखणं झाकतं. इथे रंग उडालेला होता, पण बेडवरून, म्हणजे मशीनच्या लांब पाट्यावरून, बोट फिरवलं तर कुठे खाच लागली नाही. काकांनी चालू केलं. आवाज असा एकसुरी की शेजारच्या स्वयंपाकघरातली फोडणी ऐकू यावी. आमच्याकडे मशीन 'ते' असतं, काकांच्या तोंडी 'ती' होती, आणि दहा मिनिटांत मीही मनातल्या मनात 'ती' म्हणू लागले.

"शनिवारी दुपारी बाराला चाबी द्यायची आहे," काका म्हणाले. "रजिस्ट्री झाली. नवा मालक शेड तोडून तिथं गाडी ठेवणार. त्यानं कबाडीवाल्याला सांगून ठेवलं आहे. मशीन राहिली तर तो गॅस कटरनं कापून घेऊन जाईन."

"एक दिवस पुढे ढकलता नाही येणार?"

"मी शब्द दिला आहे, ताई. आणि शनिवारी संध्याकाळची आमची गाडी आहे."

म्हणजे चार दिवस. मला वाटलं, पुष्कळ झाले.

जेवायला काकूंनी गोळाभात केला होता. आमच्या पश्चिम महाराष्ट्रात हा प्रकार नाही. हरभऱ्याच्या डाळीचे तिखट गोळे भातातच शिजवायचे, ताटात कुस्करायचे आणि वरून कढत तेलाची फोडणी ओतायची. तिसऱ्या घासाला मी कृती विचारणं बंद केलं.

जेवून मी मशीनचा गिअरचा तक्ता उजेडात बघायला अंगणात न्यायला निघाले, तर काका मागे वही घेऊन आले. कार्बनची, तीन प्रतींची, छापून घेतलेली वही. वर लिहिलेलं, गेट पास.

"यांचं असंच आहे," काकू हसत म्हणाल्या. "शेजारचा हातोडी मागायला आला तरी पास. चाळीस वर्षं कारखान्यात तेच केलं, आता घरात करून राहिले."

पासवर खाली दोन चौकोन होते. रिटर्नेबल आणि नॉन-रिटर्नेबल. काकांनी मला शाळामास्तरासारखं समजावलं. "रिटर्नेबल म्हणजे वस्तू आपलीच. फक्त बाहेर गेली. ती परत येईपर्यंत पास उघडा राहतो. नॉन-रिटर्नेबल म्हणजे गेली ती गेली."

"पोरीच्या पाठवणीला जावयाला काय म्हणाले माहीत आहे?" काकू म्हणाल्या. "रिटर्नेबल आहे, ध्यानात ठेवा. तो बिचारा घाबरला. आता ती काही परत आली नाही, आम्हीच चाललो."

तक्त्याच्या पासवर काकांनी रिटर्नेबलवर खूण केली, मी सही केली आणि अंगणात गेले.

बुधवार, नेपियर टाउन

ट्रकचा दलाल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर टायर, ग्रीस आणि चिखल होता. दुबेजींचं ऑफिस निघालं दवाखाना आणि कोचिंग क्लास यांच्या मधोमध, जिन्यावर. आसपास मैलभर ट्रक नाही. एक टेबल, दोन फोन, देवाचा फोटो, बस्स. मला मोठी गंमत वाटली. सांगलीत माल पाठवायचा तर मी ओळखीच्या गाडीवाल्याला हाक मारते, गाडी दारात दिसते, भाव मग ठरतो. इथे गाडी न बघता, ड्रायव्हर न बघता, सगळं दुबेजींच्या जिभेवर.

मी वजन सांगितलं, लांबी सांगितली, शनिवारची अडचण सांगितली. त्यांनी मोबाइलवर काहीतरी टाकलं आणि माझ्यासमोर खोव्याची जलेबी ठेवली. काळसर, मऊ, पाकात जड झालेली. जबलपूरची खासियत. ती मी खात असताना फोन टणटणत राहिला. एकाला ते इथल्या दोस्तीच्या बोलीत म्हणाले, "अरे बड्डे, माल पक्का है, तू गाड़ी बता."

"तुमच्या स्वतःच्या गाड्या किती आहेत?" मी विचारलं.

"एक भी नहीं," ते प्रसन्नपणे म्हणाले. "दीदी, गाड़ी पालना झंझट है. हम तो मिलाने वाले हैं. लड़का-लड़की हमारे थोड़े होते हैं, शादी तो हो जाती है ना."

मग त्यांनीच मला धंदा उलगडून सांगितला. बाहेरगावाहून माल घेऊन आलेली गाडी इथे रिकामी होते. ती रिकामी परत जायला नको म्हणून तिचा मालक आपल्या गावातल्या दलालाला सांगतो, तो नागपूरच्या दलालाला, तो दुबेजींना. तीन तोंडं फिरून माल आणि गाडी एकत्र येतात. मला ते सगळं फार हुशारीचं वाटलं. तीन तोंडांतून निरोप गेला की काय होतं, हे लग्नघरात वावरलेल्या बाईला खरं तर कळायला हवं होतं.

"ड्रायव्हरचा नंबर मिळेल का?"

"उसकी ज़रूरत नहीं. हम हैं ना. कल सुबह गाड़ी दरवाज़े पे. हो गया समझो."

निम्मं भाडं आगाऊ दिलं आणि निघाले. 'हो गया समझो' याचा अर्थ मला पुढच्या दोन दिवसांत समजला. त्यातलं समजायचं काम तेवढं आपलं असतं.

गुरुवार, भेडाघाट

सकाळी आठला फोन केला, गाडी रस्त्यात. दहाला केला, गाडी रस्त्यात. काका शेडमध्ये बसून मशीनवर लाल रंगानं चार खुणा करत होते. क्रेनचा पट्टा बरोबर त्या खुणांवरच बसला पाहिजे. दुसरीकडे कुठे बांधला तर वजनानं बेडला बाक येतो आणि मग ते मशीन चालतं, पण खरं बोलत नाही. हे काकांचंच वाक्य; म्हणजे माप चुकतं.

अकराला काकू म्हणाल्या, "चला ताई. इथं बसून गाडी थोडीच लवकर येणार आहे. नर्मदा पाहून येऊ."

धुआँधारला नर्मदा अशी कोसळते की तुषारांचा धूर होतो आणि काठावरच्या माणसाचं तोंड भिजतं. पण मला जास्त आवडली ती पुढची नाव. दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे, पांढरे, मध्येच पिवळसर, एके ठिकाणी निळसर. खाली पाणी हिरवं आणि निश्चल. नावाडी वल्हवता वल्हवता यमक जुळवून बोलत होता. या दगडात हत्ती बघा, त्या दगडात घोडा, इथे नवरा-बायको रुसून पाठ फिरवून बसलेत. सगळी नाव हसत होती. मी मात्र कानाला फोन लावून बसले होते.

"दीदी, क्या ढूँढ रही हो?"

"ट्रक," मी वैतागून म्हणाले.

त्यानं कड्याकडे बोट केलं. "वो देखो. सामने कैबिन, पीछे डाला. जिसको जो चाहिए, पत्थर में सब मिलता है."

मी बघितलं, आणि सांगायला लाज वाटते, मला खरोखर दिसला. त्या दिवशी मला दिसलेला तो एकमेव ट्रक.

शुक्रवार, पुन्हा अधारताल

दुपारी तीनला गाडी आली. मी गल्लीच्या तोंडाशी धावत गेले. चारी बाजूंनी आणि वरून बंद, पत्र्याच्या पेटीची गाडी.

साडेतीन टनांचं मशीन क्रेननं वरून उतरवायचं असतं. वरून बंद गाडीत ते उतरणार कुठून? मागच्या दारानं ढकलायचं तर फाळक्यापाशीच उलटेल. गाडीवाला म्हणाला, त्याला 'मशीन' एवढंच कळलं होतं, त्याला वाटलं कपडे धुण्याची मशिनं असतील. दुबेजींना फोन लावला.

"आपने मशीन बोला था. खुली गाड़ी बोला था क्या?"

बोलले नव्हते. आमच्याकडे लेथ म्हटलं की उघडी गाडी हे सांगावं लागत नाही, कारण गाडीवाल्यानं दहा लेथ नेलेल्या असतात. मी चूक कबूल केली. पण मी सांगितलेली लांबी, वजन, त्यातलं काहीच या माणसापर्यंत पोचलं नव्हतं. तीन तोंडांमध्ये सगळं गळून फक्त एक शब्द उरला होता. पेटीची गाडी रिकामी परत गेली.

संध्याकाळी कबाडीवाला येऊन गेला. सभ्य माणूस, चप्पल बाहेर काढून आत आला. त्यानं मशीनभोवती एक फेरी मारली आणि खडूनं तीन रेघा ओढल्या. इथे कापायचं, इथे आणि इथे. काकांनी त्याला चहा दिला. तो गेल्यावर ओल्या फडक्यानं ते रेघा पुसत बसले, पुसून झाल्यावरही पुसत राहिले. मला तिथे उभं राहवेना. माझा फार तर एक सौदा हुकणार होता. त्यांचं काय होणार होतं ते मला त्या फडक्यावरून कळलं.

मी परत फोन केला आणि दुबेजींना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकू म्हणाल्या, "ताई, तुमच्या सांगलीकडचं मराठी भारी आहे हो."

शनिवार, सकाळ

सव्वाआठला उघडी गाडी आली. ड्रायव्हर रामसजीवन, पन्नाशीचा, तोंडात सुपारी. त्याला सांगण्यात आलं होतं की घरसामान आहे. त्यानं मशीन बघितलं, एक शीळ घातली आणि म्हणाला, "चलो, ये भी घर का ही सामान है."

क्रेन गल्लीत शिरेना. मग जुनी पद्धत. खाली लोखंडी पाइप घालायचे, मागून पहारी लावून ढकलायचं, मागचा पाइप सुटला की पुढे आणून घालायचा. सहा हमाल, इंच इंच. सगळी गल्ली बाहेर आली. साडेदहाला मशीन रस्त्यावर पोचलं. क्रेनवाला पट्टा मधोमध टाकायला निघाला तसे काका, आवाज न चढवता, त्याच्या आणि मशीनच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

"लाल निशान, भैया."

"बाबूजी, रोज़ का काम है हमारा."

"माझं पण रोजचंच होतं."

पट्टा लाल खुणांवर बसला. मशीन वर गेलं, जराही न कलता, आणि गाडीत उतरलं. रामसजीवन मशीनला ठोकळे लावून केबिनमध्ये चढायला निघाला, तर काका वही घेऊन पुढे आले.

पासवर मशीनचं वर्णन, वजन, सोबतचे सुटे भाग लिहिलेले होते. खाली ठळक अक्षरांत, त्याच्यासाठी हिंदीत, दोन ओळी. बीच में कहीं नहीं उतारना. लाल निशान के अलावा पट्टा नहीं लगाना. त्याखाली नाव, फोन आणि सही यांच्या जागा कोऱ्या होत्या.

"नाम लिखो. फोन लिखो. फिर ताई का फोन अपने मोबाइल में डालो."

रामसजीवन अवघडला. "बाबूजी, नंबर देने को मना किया है. पार्टी से सीधी बात हो गई तो ब्रोकर अगली बार माल नहीं देगा. मेरी रोज़ी उसी से है."

त्याचंही खरं होतं. म्हणूनच मला बुधवारी नंबर मिळाला नव्हता. आम्ही दोघं एकमेकांना ओळखत नाही यावरच तर दुबेजींचं दुकान चालायचं.

पावणेबारा वाजले होते. नवा मालक कुलूप घेऊन फाटकाशी उभा होता. मी म्हणाले, "काका, जाऊ दे. गाडी हातची जाईल."

"काहून जाऊ दे?" काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "बिना पास एक खिळा बाहेर नाही गेला माझ्या हातून." मग त्याच्याकडे वळून, त्याच्या हातातल्या मालाच्या पावतीवर बोट ठेवून, हळू, "भैया, बिल्टी पे गाड़ी का नंबर है. मशीन गाड़ी नहीं ले जा रही, तुम ले जा रहे हो. तुम्हारा नाम तो कहीं लिखा होना चाहिए."

रामसजीवननं सुपारी थुंकली. शर्टाला हात पुसले. मग वही गाडीच्या बॉनेटवर ठेवून एकेक अक्षर सावकाश काढत पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं नावसुद्धा. माझा नंबरही मोबाइलमध्ये घातला. काकांनी पास भरून सही केली, वरची प्रत फाडून त्याच्या हातात दिली, आणि गाडी गेली. बारा वाजता काकांनी चावी दिली. रिकाम्या शेडकडे ते वळून बघतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी गोधडी काखेत मारली आणि काकूंना म्हणाले, "चलो."

सांगली

सोमवारी दुपारी दुबेजींचा फोन. "दीदी, गाड़ी नागपुर में ख़राब हो गई. माल गोदाम में उतरवा रहे हैं, दूसरी गाड़ी से आ जाएगा. हो गया समझो."

गोदामात उतरवणार म्हणजे मिळेल तो पट्टा, मिळेल तिथे. काकांना कळवावं की नाही या विचारात होते, तोच अनोळखी नंबरवरून फोन वाजला.

"मैडम, रामसजीवन. गाड़ी एकदम ठीक है. इनको मेरी गाड़ी के लिए भारी भाड़े का माल मिल गया है, इसलिए आपका उतरवा रहे हैं."

"मग? उतरवलंत?"

"नहीं. मैंने बोला, कागज़ पे लिखा है बीच में नहीं उतारना, और नीचे साइन मेरा है. वो बोले, कागज़ फाड़ दे. मैडम, सत्ताईस साल से गाड़ी चला रहा हूँ, हर कागज़ पे गाड़ी का नंबर देखा है. बाबूजी ने पहली बार बाप का नाम लिखने जितनी जगह दी. वो कैसे फाड़ूँ?"

बुधवारी मशीन आलं. आमच्या क्रेनवाल्यानं विचारायच्या आधीच रामसजीवन ओरडला, "लाल निशान!" दलालाचं दार त्याला आता बंद झालं होतं, म्हणून मी दोन दिवस फोन फिरवून त्याला परतीच्या वाटेला हळदीची पोती मिळवून दिली. म्हणजे शेवटी मीही दलालीच केली, फक्त दोघांचे नंबर एकमेकांना देऊन.

जाताना त्यानं घडी केलेला पास माझ्या हातात ठेवला. तो मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. वर्णन, वजन, सुटे भाग, त्याचं आणि त्याच्या वडिलांचं नाव. खाली ते दोन चौकोन. काकांनी खूण केली होती रिटर्नेबलवर.

मी बंगळूरला फोन लावला. मशीन सुखरूप पोचलं ते सांगितलं. मग म्हणाले, "काका, पासवर खूण चुकली का हो?"

"कोणती?"

सांगितलं. मागे काकू कुणाशी तरी बोलत होत्या.

"चुकली असन," काका म्हणाले. "चाळीस वर्षं तपासणीत होतो ताई, एखादी तर चुकनच." मग लगेच, "लेव्हल घेतली का?"

"घेतली."

"दोन्ही बाजूनं?"

"दोन्ही बाजूनं."

"मग चालवा."

नियमाप्रमाणे माल मिळाल्याची सही करून, नॉन-रिटर्नेबल अशी दुरुस्ती करून ती प्रत मी त्यांना पाठवायला हवी, म्हणजे पास बंद होतो. सही मी केली आहे. दुरुस्ती केलेली नाही. कागद मशीनच्या वर भिंतीला खिळ्यावर अडकवला आहे, आणि रोज सकाळी गोधडी काढताना मी बघते, पास अजून उघडा आहे. गोधडी काकूंनी मागाहून कुरिअरनं पाठवली. तिच्याबरोबरही एक पास होता.